तीन रांगांची देखणी एसयूव्ही : ३ वर्षं, ६२,००० किमी आणि तिसऱ्या रांगेचा हिशेब

स्टिअरिंगवाली

'कोणती गाडी घेऊ' छापाच्या धाग्यांवर मी आजवर भरपूर फुकटची मतं वाटली आहेत. आता स्वतःच्या अंगावर आलंय, तेव्हा हिशेब मांडते. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की चौथ्या प्रतिसादापासून कंपन्यांची भांडणं सुरू होतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला.

आम्ही सहाजण : मी, नवरा, सासू-सासरे, ९ वर्षांचा मुलगा, ४ वर्षांची मुलगी. नणंद आली की सात. चालवते मुख्यतः मी. पण गाडी पसंत केली नवऱ्याने, आणि तीही रूपावर भाळून. दारांवरून निघालेली एक रेघ मागच्या काचेपाशी वर चढते आणि छप्पर तिला भेटायला खाली उतरतं. "ती रेघ बघ, ती रेघ बघ" हे मी महिनाभर ऐकलं. खोटं कशाला बोलू, गाडी दिसतेच देखणी. आजही पार्क करून निघताना एकदा मागे वळून बघते.

तर त्या रेघेचा हिशेब असा. छप्पर उतरतं ते नेमकं तिसऱ्या रांगेच्या डोक्यावर. काच निमुळती होते तीही तिथेच. शिवाय त्या सीटखाली मागची चाकं आणि त्यांचा सगळा सांगाडा, म्हणून तळ उंच. तळ उंच आणि छप्पर खाली, मग सीट बसवणार कुठे? तळाला टेकवूनच. म्हणून तिथे बसलेल्या मोठ्या माणसाचे गुडघे छातीकडे येतात आणि मांड्यांना आधारच मिळत नाही. अर्ध्या तासाने कंबर बोलायला लागते.

शोरूममध्ये हे कळलं कसं नाही? मी तिसऱ्या रांगेत बसून बघितलं होतं की! पाच मिनिटं, थांबलेल्या गाडीत, मधली सीट पार पुढे सरकवलेली असताना. सरकवली कोणी, ते सांगायला नकोच. म्हणजे मी बसून बघितलंच नाही असं धरा. घेणाऱ्यांनी एवढं करा : जो चालवणार त्याने आपल्या मापाने सीट लावायची, त्याच्या मागे एक मोठा माणूस, त्याच्या मागे आणखी एक. याच क्रमाने. मग दार लावून घ्या आणि पंधरा मिनिटं गप्पा मारा.

चालवायला मात्र गाडी झकास आहे. उंच बसायला मिळतं, पुढचा रस्ता दिसतो, लांबच्या प्रवासात हात-पाय दुखत नाहीत. काळं चकचकीत प्लास्टिक आतून घेऊ नका एवढंच सांगेन. पहिल्याच महिन्यात त्यावर ओरखडे पडतात आणि कायम बोटांचे ठसे दिसतात.

आता प्रश्न. एक, मुलीला मागे बसवलं की हमखास उलटी. दोन, खड्ड्यात मागून धाडकन आवाज येतो, बाबांना (सासऱ्यांना) पाठीला झटका बसतो. ते बिचारे "छान आहे गं गाडी" म्हणतात आणि दुसऱ्या तासापासून बोलायचे बंद होतात. तीन, सहा माणसं बसवायची कशी? आमचं गणित रोज चुकतंय.

स्टेपनी

पहिला मी!

सात सीटर म्हणजे सात माणसं किंवा सात माणसांचं सामान. दोन्ही पाहिजे असेल तर बस करा.

बाकी सवडीने लिहितो. वाचतोय.

गॅरेजमधला

स्टिअरिंगवाली ताई, चाकं किती इंची आहेत? २० असतील तर धाडकन आवाजाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

स्टिअरिंगवाली

@गॅरेजमधला, २० इंची. २५५/५०. खालच्या व्हेरिएंटला १८ होती, ती नवऱ्याला 'लहान' वाटली.

गॅरेजमधला

वाटणारच. आता आकडे बघा. तुमचं टायर २५५ मिमी रुंद, ५० म्हणजे रुंदीच्या ५० टक्के उंचीची बाजू : १२७ मिमी. १८ इंचीला बहुतेक २३५/६५ येतं, त्याची बाजू १५३ मिमी. बाहेरून मोजलं तर दोन्ही चाकं जवळपास सारखीच, ७६३ मिमीच्या आसपास. म्हणजे मोठी रिंग बसवली तरी चाक मोठं होत नाही, फक्त रबर आणि हवेच्या जागी धातू येतो. खड्ड्याचा मार पहिल्यांदा घेणारी गादीच २५ मिमीने कमी झाली. वर मोठी रिंग बऱ्याचदा जडही असते, म्हणजे सस्पेन्शनने सावरायचं वजनही वाढलं.

हवा किती ठेवता? ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असेल, त्यावर बहुतेक दोन आकडे असतात, एक कमी माणसांचा, दुसरा भरलेल्या गाडीचा. लोक वर्षभर एकच ठेवतात. एकटे ऑफिसला जाताना भरलेल्या गाडीची हवा असेल तर मागचं चाक चेंडूसारखं उडतं. उलट सातजण घेऊन हलक्या गाडीच्या हवेवर गेलात तर टायर बाजूने वाकत राहतो आणि तापतो. हे दुसरं जास्त वाईट. मोजायची ती थंड टायरला, सकाळी, गाडी चालवण्याआधी.

त्याच खांबावर गाडीने एकूण किती वजन घ्यायचं तेही लिहिलेलं असतं. सात माणसं सरासरी ७० किलोची धरली तरी ४९० झाली, बॅगा वेगळ्याच. कितीतरी सात सीटर गाड्यांत सातजण बसल्यावर सामानाला जेमतेम शंभरेक किलो उरतात. छपरावर बॉक्स लावणाऱ्यांनी तर आधी मॅन्युअल उघडावं. छपराची मर्यादा वेगळी असते, आणि बॉक्सचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं.

अबोली_

उलटीबद्दल लिहिते, दोन पोरं याच वाटेने गेली आहेत.

मागच्या चाकांच्या मागे बसलेला माणूस गाडीत सगळ्यात जास्त हलतो. वर-खालीही आणि वळणावर आडवाही. त्यात निमुळती काच, समोर उंच सीटची पाठ. कानातला तोल सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांना दिसते स्थिर सीट. या दोघांचं जमलं नाही की पोट ढवळतं. हातात मोबाइल दिला की डोळे आणखीच खिळतात. म्हणजे शांत राहावी म्हणून आपणच स्क्रीन देतो आणि नंतर आपणच पुसत बसतो.

म्हणून पहिला प्रश्न, ४ वर्षांच्या मुलीला मागे बसवताच का? तिची चाइल्ड सीट मधल्या रांगेत पाहिजे. आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे कडे बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेच्या दोन कडेच्या सीटनाच असतात. मागे असले तर तुमचं नशीब, पण आधी मॅन्युअल बघा.

मागच्या रांगेला एसीचा वेगळा ब्लोअर आहे का? छतातून येणारी हवा आणि खालून येणारी हवा यात फरक पडतो. नुसती थंड हवा चेहऱ्यावर लागली तरी मुलांना बरं वाटतं.

स्टिअरिंगवाली

@अबोली_, अगदी बरोबर, पण इथेच गाडं अडतं. मधली सीट अखंड बाकडं आहे. मुलीची सीट तिथे कडेला बसवली की ती बाजू पुढे दुमडता येत नाही, कारण चाइल्ड सीट अडते. दुसऱ्या बाजूला आई (सासूबाई) बसतात. मग मागे कोणी जायचं असेल तर आईंना प्रत्येक वेळी उतरवा, सीट दुमडा, माणूस आत, सीट परत, आई आत. म्हणून मग मुलीची सीट काढली आणि तिला बूस्टरवर (नुसती उंची वाढवणाऱ्या बैठकीवर) मागे टाकली. लिहितानाच कळतंय की चुकलं.

अबोली_

चूक कबूल करणारे पालक आंतरजालावर मिळणं कठीण, त्याबद्दल आधी दंडवत :)

चाइल्ड सीट घट्ट बसवलेली असतानाही मधली सीट तिरकी पुढे सरकते अशी सोय काही मॉडेल्समध्ये आहे, पण ती चाइल्ड सीट रिकामी असताना आणि बहुधा एकाच बाजूला. घेण्याआधी स्वतःची चाइल्ड सीट शोरूममध्ये घेऊन जा, लाजू नका. आणि ज्यांची बाळं अजून लहान आहेत त्यांनी तर जाच. चाइल्ड सीटसाठीच्या आर१२९ या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीप्रमाणे निदान १५ महिन्यांपर्यंत बाळाचं तोंड मागच्या दिशेला ठेवायचं असतं, आणि तशी सीट इतकी जागा खाते की पुढच्याला गुडघे डॅशबोर्डला टेकवून बसावं लागतं. (हा अनुभव नवऱ्याचा. मी चालवत होते.)

लांबपल्ला

कॅप्टन सीट, म्हणजे मधल्या रांगेत बाकड्याऐवजी दोन सुट्या खुर्च्या, हा यावरचा उपाय. मध्ये वाट राहते, मुलं सरळ आत जातात, कोणाला उतरावं लागत नाही. एक जागा कमी होते, सातच्या सहा. तुम्ही वर्षातले बहुतेक दिवस सहाच असाल तर तेच बरं. पण आता घेतलेल्या गाडीचं काय, तर काही नाही.

शंकासुर

एक आगाऊ प्रश्न. सहा माणसं, त्यात दोन ज्येष्ठ, दोन लहान. तर मग सरकत्या दारांची एमपीव्ही का नाही घेतली? तळ खालीच, छप्पर सरळ मागपर्यंत, दार पूर्ण उघडतं, आजींना चढावं लागत नाही. तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर गेली कित्येक वर्षं खोक्याच्या आकारात उपलब्ध आहे.

स्टिअरिंगवाली

@शंकासुर, हौस. दुसरं कारण नाही.

आडवाटेचा

हौस कशाला म्हणता ताई? ग्राउंड क्लिअरन्स, चारही चाकांना ताकद, कच्चा रस्ता, चिखल. एमपीव्ही तिथे पोट घासेल.

शंकासुर

धागाकर्तीला विचारतो. ३ वर्षांत चारही चाकांची ताकद कितीदा लागली?

स्टिअरिंगवाली

दोनदा. एकदा ओल्या गवतावर पार्किंग होतं. दुसऱ्यांदा खरं तर लागली नाही, नवऱ्याने बटण दाबून बघितलं.

गॅरेजमधला

=)) पण एक लक्षात ठेवा. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर एकच टायर नवा बदलू नका. एक चाक नवं आणि तीन झिजलेली असतील तर नव्याचा घेर मोठा राहतो, चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या कपलिंगला सतत ओढाताण सहन करावी लागते. वापरली दोनदा, खर्च मात्र पूर्ण, असं होईल.

आडवाटेचा

शंकासुर, खोकं सगळ्यांनाच आवडत नाही हो. आणि तीन रांगांचा खटाटोप जुनाच आहे. १९३५ ची शेव्रोले सबर्बन बघा, आठजण बसायचे आणि बाजूला दारं दोनच. तिसऱ्या रांगेतला माणूस बाहेर कसा यायचा याचा विचार करा आणि तुमच्या दुमडणाऱ्या सीटला नमस्कार करा.

शंकासुर

ती सबर्बनही खोकंच होती. माझाच मुद्दा.

लांबपल्ला

चालवण्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. तीन रांगांची एसयूव्ही चालवतोय त्याला दहा वर्षं झाली.

एकट्याने चालवायची गाडी आणि सातजण बसलेली गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. रिकामी गाडी दोन टनांच्या आसपास असेल तर माणसं-सामान धरून त्यात आणखी अर्धा टन येतो, तोही बराचसा मागे. नाक किंचित उचललं जातं, रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. डॅशवर लाइट खाली करायचं गोल चाक असतं, ते याच कामासाठी. गाडी आपोआप करत असेल तर उत्तम. ओव्हरटेकला नेहमीची जागा पुरत नाही. रिकाम्या गाडीचा अंदाज पायात बसलेला असतो, तोच घात करतो. वेगाचं म्हणाल तर ८० वरून १०० वर गेलात की वेग २५ टक्के वाढला असं वाटतं, पण ब्रेकने जिरवायची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढलेली असते. वर्गाचं गणित आहे.

घाट उतरताना पाय ब्रेकवर ठेवून उतरू नका. ऑटोमॅटिकलाही मॅन्युअल मोड असतो, गिअर खाली घ्या, इंजिनाला धरू द्या. एकदा पूर्ण भरलेली गाडी उतरवताना मी ब्रेकचा वास येईपर्यंत बसून राहिलो होतो, पेडल मऊ लागायला लागल्यावर जाग आली. बाजूला घेतली, पाऊण तास थांबलो. मागे सगळे झोपलेले, कोणाला काही कळलं नाही. मला मात्र तो वास अजून आठवतो.

गॅरेजमधला

लांबपल्ला यांना पुष्टी. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं कोरडं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषलेल्यासाठी ही अट १५५ अंशांची आहे. तेल उकळलं की नळीत वाफ, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ. किमी कमी झाले तरी दोन वर्षांनी तेल बदला. पोर्सचा लेप करणारे लोक हे विसरतात. *पेंटवर चकाकीचा लेप. टंकताना घसरलो.

अबोली_

मला वाटलं पोर्शवाले आले की काय धाग्यावर.

लांबपल्ला

आणखी एक राहिलं, रिव्हर्स. मागची काच लहान आणि तिसऱ्या रांगेची हेडरेस्ट उभी, त्यामुळे आतल्या आरशात फक्त उशा दिसतात. कोणी बसलेलं नसेल तर ती पाडून ठेवा. कोणी बसलं असेल तर मात्र उभीच पाहिजेत, मानेसाठी आहेत ती. कॅमेरा असतो खरा, पण पावसात-चिखलात तोच सगळ्यात आधी आंधळा होतो. गाडी इतकी उंच आहे की मागे उभं असलेलं लहान मूल काचेतून दिसतच नाही. आमच्याकडे नियम आहे : गाडी मागे घेताना पोरं एक तर आत, नाही तर मोठ्या माणसाचा हात धरून समोर, मला दिसतील अशी.

स्टेपनी

आलो. माझ्या नावाला जागून लिहितो.

स्टिअरिंगवाली, तुमची स्टेपनी कुठे आहे माहीत आहे का? बऱ्याच तीन रांगांच्या गाड्यांत ती गाडीच्या पोटाखाली साखळीने किंवा तारेने टांगलेली असते. खाली सोडायचा स्क्रू असतो मागच्या सामानाच्या तळाशी, गालिचाखाली. म्हणजे पंक्चर झालं की आधी सगळं सामान रस्त्यावर. मग स्क्रू सापडणार. मग तो गंजलेला असणार.

हे मला भर पावसात, रात्री, सहा बॅगा आणि एक रडणारं पोर बाहेर काढून कळलं. साखळी उतरेपर्यंत पाऊण तास. उतरली तेव्हा स्टेपनीत हवा नव्हती. तीन वर्षांत कोणी बघितलीच नव्हती ना, कारण ती दिसतच नाही.

या रविवारी घरच्या घरी एकदा उतरवून बघा. स्क्रूला थोडं ग्रीस. आणि काही गाड्यांत स्टेपनीच नसते, नुसता पंप आणि गोंदाची बाटली. टायरची बाजू फाटली तर ती बाटली शोभेची.

स्टिअरिंगवाली

@स्टेपनी, उतरवली. स्क्रू फिरला, हवा अर्धी होती. शिवाय ती बारीक निघाली, ८० च्या वर नेऊ नका असं तिच्यावरच लिहिलंय. मला वाटत होतं पाचवं चाक बाकीच्या चारांसारखंच असेल.

तिसरी_रांग

सदस्य झालेय फक्त या धाग्यासाठी. मी कुटुंबातली कायमची सातवी. आत्या, मावशी, जी असेल ती, मागे मीच. उंची ५ फूट, म्हणून निवड बिनविरोध होते.

चालवणाऱ्यांनो, चार गोष्टी. मागे चार्जिंगचं सॉकेट असलं तरी त्यावर बॅग असते. तुमचं गाणं मागे फक्त धडधड म्हणून पोचतं. तुम्ही विचारता "एसी येतोय का?" आणि उत्तर ऐकायच्या आत विषय बदलता. आणि आपणहून उतरता येत नाही. मधल्याने सीट दुमडल्याशिवाय मी कैदी. मधल्या सीटच्या खांद्यापाशी मागून ओढायचा पट्टा किंवा खटका असतो, तो मागच्या माणसाला एकदा दाखवून ठेवा. अडीअडचणीला बाहेर पडायची वाट तीच.

सामान सीटच्या पाठीच्या वर रचू नका, हे हात जोडून. जोरात ब्रेक लागला तर ते माझ्याच डोक्यावर येणार आहे.

अबोली_

+१००. आणि घेणाऱ्यांनी खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत येतात का, हे विचारून नाही, लिखित बघून घ्या. 'साइड कर्टन' एवढं लिहिलेलं असतं, कुठपर्यंत ते नसतं.

नवखा_गिअर

इलेक्ट्रिक तीन रांगांबद्दल कोणी सांगेल का? सपाट तळ असतो म्हणतात.

गॅरेजमधला

सपाट असतो, पण बॅटरी खाली अंथरलेली असल्याने तळ थोडा उंचच येतो. तळाच्या मधल्या उंचवट्याचा त्रास जातो, पाय आडवे फिरवता येतात. किया ईव्ही९ सारखी चौकोनी गाडी असेल तर मागे डोक्याला जागाही बरी मिळते, २०२४ ची वर्ल्ड कार ऑफ द इयर झाली होती ती. पण वजन बघा, अशा गाड्या अडीच टनांच्या घरात जातात, टायरचा लोड इंडेक्स (किती वजन पेलेल तो आकडा) त्याप्रमाणे लागतो. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, १०८ म्हणजे १०००. स्वस्तात मिळतंय म्हणून कमी आकड्याचं टायर घालू नका. हे डिझेल-पेट्रोलवाल्यांनाही लागू.

शंकासुर

'चौकोनी' शब्दाची नोंद घेतली.

स्टिअरिंगवाली

मंडळी, पाच आठवड्यांनी अपडेट.

२० इंची रिंगा काढल्या. कंपनीने याच मॉडेलला मान्य केलेलं १८ चं माप घातलं, लोड इंडेक्स बघून. हवा स्टिकरप्रमाणे, एकटी असताना वेगळी आणि सगळे असताना वेगळी. धाडकनचं धप्प झालंय. वळणावर गाडी किंचित सुस्त वाटते, ते मला चालेल. दिसायला? बाजूने बघितलं तर रिंगा बारीक आणि रबरच जास्त दिसतं. नवरा दोन दिवस त्या बाजूने गेला नाही.

मुलीची सीट मधल्या रांगेत परत आली. स्क्रीन बंद, त्याऐवजी 'लाल ट्रक दिसला की ओरडायचं' हा खेळ. ओरडणं सहन होतं. चार प्रवासांत एकच उलटी, तीही मुलाची, आणि त्याला आम्ही जेवण झाल्या झाल्या गाडीत घातलं होतं.

मग राहिला बसण्याचा प्रश्न. बाबा पुढे माझ्या शेजारी. मधल्या रांगेत आई आणि मुलगी. मुलगा मागे एका बाजूला, त्याच्या बूस्टरवर. उरला एक मोठा माणूस. उंचीचा निकष लावला. व्होल्वोसुद्धा एक्ससी९०च्या तिसऱ्या रांगेसाठी उंचीची मर्यादा १७० सेंटिमीटरच सांगते. नवरा १६८. मी चालवते.

पहिले वीस मिनिटं जोक चालले. मग त्याने एसी विचारला. मग त्याने मी विचारण्याआधीच सांगितलं की गाणं ऐकू येत नाही. सव्वा तासाने चहाला थांबलो तर पाठीमागून खटका ओढायचा आवाज आला, आई सावकाश उतरल्या, आणि तो आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेला असा बाहेर आला. चहा घेतला नाही. गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

मी विचारलं, काय बघतोयस?

म्हणाला, "ती रेघ चार बोटं वर घेतली असती तर."

शंकासुर

त्यांना खोक्यांच्या धाग्याची लिंक पाठवू का?

स्टिअरिंगवाली

पाठवा. पण आठवडाभराने. सध्या मोजपट्टी घेऊन शेजाऱ्यांच्या गाडीत बसलाय, तिसऱ्या रांगेत. त्यांनी मधली सीट मागे सरकवून ठेवली आहे, मी सांगितल्याप्रमाणे.